काट्यावर न दिसणारी घट

भातकापणी उरकली की फलटण-माण भागातले धनगर घाट उतरून पनवेल-उरणकडे येतात. मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवतात, पावसाआधी परततात. अशाच एका वाड्यावरचे मामा आणि त्यांची भाची. तिचे वडील तुर्भ्याच्या बाजार समितीत माथाडी. ती परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते.

मामा : दाजींना सांग, दाणाबंदरातनं चार पोती मका बघा म्हणावं. ईद तोंडावर आलीय, मेंढ्यांना खुराक लावतो.

भाची : गवतावरचा मेंढा एकदम मक्यावर आणला तर कोठीपोटात आम्ल वाढतं. एरवी तिथला सामू 6 ते 7 असतो. तो 5.5च्या खाली जाऊन तिथंच राहिला, की जनावर वैरण टाकतं, पातळ हगतं.

मामा : ठाऊक हाय. सोडा पाजायचा. समदी काय दगावत न्हाईत.

भाची : न दगावणाऱ्यांचंच सांगते. आम्लाचा भार रक्तावर येतो आणि रक्ताचा सामू तर 7.4च्या आसपास राखावाच लागतो. मूत्रपिंड अमोनियाच्या रूपानं आम्ल लघवीतून काढतं. त्यासाठी लागणारं ग्लूटामाइन यकृत देतं, स्नायूही देतात. आम्लता टिकून राहिली की स्नायूंतली प्रथिनं मोडायला लागतात. माणसांच्या मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात हे स्पष्ट दिसतं.

मामा : म्हंजे वरनं मी मका घालायचा, आन् आतनं त्यानं मांस झिजवायचं?

भाची : मक्यानं वजन वाढतं, हे खरंच. पण त्यातली ही वजाबाकी काट्यावर कळत नाही.

मामा : मग शरीर शहाणंच की. जीव राखायला मांस खर्चतंय. मीबी कळप राखायला दोन मेंढ्या विकतोच. शरीराला चूक म्हणत न्हाईस, मला का?

भाची : शरीरात खर्च आणि फायदा एकाच जिवाचा असतो. रक्त सांभाळलं तर स्नायूही जगतात. इथं आम्ल मेंढ्याच्या पोटात आणि पैसे आपल्या हातात.

मामा : त्यो तर ईदला जाणारच. मधले दिवस सुखाचे काय, दुखाचे काय!

भाची : शेवट माणसाचाही ठरलेलाच आहे, मामा. म्हणून आपण मधले दिवस सोडून देतो का?

मामा : शेजारच्या वाड्यावरची जनावरं भारी दिसली तर गिऱ्हाईक तिकडं जाईल. माझं नुकसान तू भरणार?

भाची : नाही. आणि ते नुकसान खोटं आहे असंही म्हणणार नाही. पण आधी कडबा किंवा पेंढा पोटभर द्या. रवंथ करताना लाळ सुटते, तिच्यातला बायकार्बोनेट आम्ल मारतो. भरडा मूठभरानं सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवा. दोन पोती पुरतील. वजन थोडं कमी भरेल.

मामा : आन् ती तूट माझ्या पदरात.

भाची : हो. तूट कुणाला तरी सोसायचीच आहे, तर ज्याला बोलता येतं त्यानं सोसावी. तुम्ही भावासाठी घासाघीस करू शकता, पुढच्या वर्षी खुराक महिनाभर आधी लावू शकता. मेंढ्याला यातलं काहीच करता येत नाही.

मामा : दोनच पोती सांग दाजींना. गिऱ्हाइकाला मी सांगीन, काट्यावर कमी हाय, पर जनावर खातंपितं हाय.