नदीचे नाव, नदीचे ऋण

आमच्या कोल्हापुराकडे अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गाव कोणतं?" दिवाळीपूर्वी घराला चुना लावायला आलेल्या एका म्हाताऱ्याला मीही तोच विचारला. हातातला कुंचला न थांबवता तो म्हणाला, "वारणा."

"अहो मामा, ती नदी झाली. मी गाव विचारतोय."

"गाव धरणात गेलं, साहेब. नदी तेवढी ऱ्हायली."

नदीवरून मुलूख ओळखला जाणे जगाला नवे नाही. 1790 साली फ्रान्समध्ये जुने प्रांत मोडून नवे जिल्हे पाडले, तेव्हा पुष्कळांना नद्यांचीच नावे दिली. दोर्दोन्य नदीचा दोर्दोन्य जिल्हा झाला. आपल्याकडे माणगंगेचा माणदेश कोणत्याही फर्मानावाचून झाला आणि वारणेकाठाला लोक नुसते 'वारणा' म्हणू लागले.

खरे तर ही हद्दीची नदी. 1731 च्या वारणेच्या तहाने सातारचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज या चुलतभावांची वाटणी झाली, तिच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे आला. 1950 च्या दशकात तात्यासाहेब कोरे यांनी सहकारी साखर कारखाना उभारला, माळावर वारणानगर वसले आणि नदीचे नाव साखरेच्या पोत्यावर, श्रीखंडाच्या डब्यावर गेले. पुढे चांदोलीला सुमारे 34 अब्ज घनफुटांचे धरण झाले. खालच्या उसाला पाण्याची शाश्वती आली आणि वरची गावे उठली.

अशा वेळी आपण म्हणतो, "त्यांनी केवढा त्याग केला!" मीही आजवर म्हणत आलो. परंतु त्याग म्हणजे आपण होऊन दिलेले. जे मागून, मोजून, ठरवून घेतले गेले, त्याला त्याग म्हणणे ही घेणाऱ्याची सोय आहे. कोणी म्हणेल, मोबदला दिला ना? दिला असेल. मोबदल्याने जमिनीची किंमत फिटते. पण देवळापुढचा पार, आजोबाने लावलेला आंबा, "गाव कोणतं?" याचे उत्तर, यांची किंमत कोणत्या कचेरीत मांडायची? शिवाय पाण्याबरोबर नदीचे नावही खाली आले. आम्ही अभिमानाने वारणाकाठचे झालो आणि ज्यांच्या दारातून ती प्रथम वाहिली, ते नव्या वसाहतीत 'धरणग्रस्त' ठरले.

धरण नको होते, असे मी म्हणत नाही. त्या पाण्यावर हजारो चुली पेटल्या आहेत. पण ज्याचे फेडता येत नाही, त्याचे निदान देणे आहे एवढे तरी कबूल करावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

संध्याकाळी त्याला मजुरी दिली, फराळाचे ताट पुढे केले आणि लाडवांकडे पाहून माझा हात क्षणभर थबकला. त्यांतली साखर वारणेची होती. त्याने एक लाडू खाल्ला, उरलेले नातवासाठी पंचात बांधले.

यंदा पहिली पणती लावताना मी घरातल्या मुलांना त्याच्या गावाची गोष्ट सांगितली. ऋण त्याने फिटले नाही. पण ते कुणाचे आहे, एवढे आता आमच्या घरात ठाऊक आहे.