ओली माती आणि खापर

आजचे वाचन : यिर्मया १८:१-१२



यिर्मयाला संदेश ऐकायला परमेश्वर मंदिरात पाठवत नाही, राजवाड्यातही नाही. कुंभाराच्या घरी पाठवतो. तिथे कुंभार चाकावर बसलाय, आणि यिर्मयाच्या डोळ्यांदेखत भांडं बिघडतं. मग तो त्याच मातीचं दुसरं भांडं करतो.

नीट वाचा, भांडं बिघडलं ते कुंभाराच्या हातात असताना. खाली पडून नाही, कोणी हिसकावून घेतलं म्हणूनही नाही. मागच्या आठवड्यात युथ ग्रुपमधल्या एकाने विचारलं होतं, "दादा, एकाच पापाची किती वेळा माफी मागायची? आता देवासमोर जायचीच लाज वाटते." किती वेळा, हा आकडा या उताऱ्यात नाही. बिघडलेली माती अजून हातात होती, एवढंच आहे. लाज वाटतेय ना? मग लाजेसकट जा. हातातून उतरून, आधी स्वतःला नीट करून, मग परत यायचं असं मातीला जमतच नाही.

धारावीच्या कुंभारवाड्यात मी एकदा तासभर उभा राहून हे काम पाहिलंय. मडकं वाकडं व्हायला लागलं तर कारागीर कडेला माती थापत बसला नाही. एका दाबात सगळ्याचा गोळा केला, चाकाच्या मधोमध बसवला, हात पाण्यात बुडवला आणि पुन्हा सुरू. आम्ही सॉफ्टवेअरवाले मात्र पॅच मारण्यात हुशार. रिलीजच्या आदल्या रात्री ते ठीक आहे हो, पण देवाकडेही आपण तेच मागतो : एवढा राग काढ, एवढी सवय सोडव, बाकी डिझाईनला हात लावू नकोस.

पश्चात्ताप या आपल्या शब्दात 'ताप' आहे, म्हणून आपल्याला वाटतं की वाईट वाटलं, रडू आलं, झालं. यिर्मया ८ व्या आणि ११ व्या वचनात जे हिब्रू क्रियापद वापरतो ते आहे 'शूब' : वळणं, परत फिरणं. ताप तर यहूदा इस्कर्योतालाही झाला. चांदीची ३० नाणी त्याने परत केली, पण गेला याजकांकडे. पेत्रही रडला, आणि पुढे किनाऱ्यावर येशू आहे असं कळताच पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे निघाला.

आता अवघड भाग. नवं भांडं कुंभाराला योग्य वाटलं तसं झालं, मातीने सांगितलं तसं नाही. हे वाक्य मला अजूनही सोपं वाटत नाही. करिअर, लग्न, शहर, सगळ्याची रिक्वायरमेंट आपल्याकडे तयार असते. धीर एका शब्दाने येतो. 'कुंभार' या हिब्रू शब्दाचं मूळ तेच आहे, जे उत्पत्ती २:७ मध्ये देव मातीपासून माणूस घडवतो तिथे येतं, आणि यिर्मया १:५ मध्ये उदरात घडवण्याबद्दलही. हात अनोळखी नाहीत.

एक सांगून ठेवतो. कुंभार परमेश्वर आहे. कोणी पुढारी किंवा पाळक "तू माती हो, आम्ही घडवतो" म्हणत असेल, तर हा अध्याय त्याच्यासाठी लिहिलेला नाही.

यहूदाच्या लोकांनी काय उत्तर दिलं ते १२ व्या वचनात आहे : काही उपयोग नाही, आम्ही आमच्याच योजनेप्रमाणे चालणार. लगेच पुढच्या अध्यायात यिर्मयाच्या हातात मातीची सुरई आहे, पण ती भाजलेली. हिन्नोमच्या खोऱ्याजवळ ती फोडली जाते आणि ती पुन्हा सांधता येत नाही. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं. दोष दुसऱ्यावर ढकलण्याला आपण खापर फोडणं म्हणतो. खापर होतं ते भाजलेल्या मडक्याचं, ओल्या मातीचं नाही.

प्रार्थना : प्रभू येशू, आम्ही अजून ओले आहोत तोवर आम्हाला हातात घे. जो आज तुझ्यासमोर यायला लाजतोय, त्याला आधी घे. आमेन.

उद्याचे वाचन : यिर्मया १९