गोळी आणि प्याला



एक प्रश्न मनाशी विचारून पाहा. सकाळी इष्टलिंगपूजा करणारा, रक्तदाबाची गोळी न चुकता घेणारा गृहस्थ संध्याकाळी भरपूर दारू पितो आणि म्हणतो, "गोळी चालू आहे ना! शिवाय शरीर माझे. त्रास झालाच तर मला होईल. यात अधर्म तो कोणता?" आपण त्याला काय उत्तर द्याल?

प्रथम गोळीचा हिशोब पाहू. दाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळला, की डॉक्टर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. भरपूर पिण्याने हा दाब वाढतो व गोळीचा गुण उणा पडतो. उलट पिणे कमी केले, की बहुधा काही आठवड्यांतच तो उतरू लागतो. म्हणजे एका हाताने घागर भरायची आणि दुसऱ्या हाताने तिला भोक पाडायचे, असा हा व्यवहार झाला. हा रोग बहुधा दुखत नाही, म्हणूनच मनाची फसवणूक सोपी होते.

आता 'शरीर माझे' हा मुद्दा. अंगावर लिंग धारण केले, तेव्हाच अंग लिंगाला अर्पण झाले. जे लिंगाला अर्पिता येत नाही, ते प्रसाद कसे होईल? शिवाय देह हे कायकाचे साधन. तो पक्षाघाताने पडला, तर कायक थांबते, दासोह थांबतो आणि अंथरुणाची सेवा घरातील माउलीच्या वाट्याला येते. मग त्रास एकट्याचा राहिला कुठे?

पण म्हणून त्याला हिणवण्याचा अधिकार आपल्याला मिळतो काय? मुळीच नाही. बाराव्या शतकातील हेंडद मारय्या ताडी विकणारे. तरी ते शरणांत गणले गेले. व्यसन हा नुसता दुर्गुण नव्हे, आजारही आहे. रोज भरपूर पिणाऱ्याला रागाच्या भरात 'आजपासून थेंबही नको' अशी शपथ घालू नका. एकाएकी सोडल्यास दाब उसळतो, आकडी येते, भ्रम होतो, प्रसंगी प्राणही जातो. त्याला डॉक्टरांकडे न्या. पिण्याचे खरे प्रमाण तेथे लपवू नका. स्वतःशी सत्य बोलण्याची तीच पहिली पायरी आहे.

संकल्प त्याचा असला, तरी आधार आपला हवा. आज संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन बसाल ना?

शरणु शरणार्थी.