उज्जीयाचे धुपाटणे

ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातील यहूदाचा राजा उज्जीया १६ वर्षांचा असता गादीवर बसला. त्याने रानात बुरूज बांधिले, हौद खोदिले. शेतीची तर त्यास फारच आवड. असा राजा आम्हां खेडेगावच्या लोकांस का प्रिय वाटू नये? परंतु देवाच्या साह्याने बलवान होताच तो उन्मत्त झाला व मंदिरात स्वतः धूप जाळावयास शिरला. अजऱ्या व ८० याजक आडवे आले. तो संतापला, तोच धुपाटणे हाती असता त्याच्या कपाळी कोड उठले.

त्याने मूर्ती पुजिली नाही. उपासनाच करू पाहिली. मग दोष कोणता? देवाने नेमिलेले काम त्यास थोडे वाटले. मंडळीत आम्हीही देवाच्या नावाने आपलाच मान मागतो, आणि कोणी अडविले की रागावतो.

उज्जीया मरेपर्यंत निराळ्या घरात राहिला. कारभार पुत्र योथाम पाहू लागला.