खांडवातली चार नावं

आजचं वाचन आदिपर्वातलं, खांडवदाह.

अग्नीला भूक लागलीय आणि कृष्ण-अर्जुन रथ घेऊन जंगलाच्या दोन बाजूंना उभे आहेत. निसटू पाहणाऱ्यालाही वाट नाही. खरं सांगतो, हा भाग मी दरवर्षी घाईत उरकायचो. बासरीवाला कृष्ण बरा वाटतो, इथला नाही.

रविवारी अंधेरीला गिल्बर्ट हिलवर गेलो होतो. साधारण २०० फुटांचा काळा सुळका, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. त्याचे ते उभे खांब म्हणजे थंड होताना आकसून तडकलेला लाव्हा, ६ कोटी वर्षांहून जुना. सह्याद्रीचा बराच भाग असल्याच थरांचा. दोन थरांच्या मध्ये कधी हजारो वर्षांची उसंत मिळायची. तेवढ्यात माती व्हायची, तळी साचायची, झाडं वाढायची. मग पुन्हा लाव्हा. घाटात काळ्या कातळामध्ये विटकरी पट्टा दिसतो ना, ती बहुतेकदा भाजलेली जुनी माती. वरळीच्या अशा थरात बेडकांचे जीवाश्म सापडलेत, तिकडे छिंदवाड्याला ताडांची दगड झालेली खोडं.

याच खडकाची पुढे काळी माती झाली, तिच्यात कापूस पिकला. प्रवचनाला आयता दृष्टान्त! गेल्या वर्षी तो मीही वापरला.

ऑफिसात माणसं कमी करायची होती. टीम लीड म्हणून सहा जण मला निवडायचे होते. एक्सेल उघडलं, पाऊण तासात यादी पाठवली. निर्णय वरचा, मी निमित्तमात्र, असं गीतेच्या अकराव्या अध्यायातून उसनंही घेतलं. भगवंतांनी रणांगणावर सांगितलेलं मी एका ईमेलसाठी वापरलं. वर त्यातल्या एकाला म्हणालो, "यातूनच काहीतरी नवं उगवेल रे." लाव्ह्याची माती व्हायला किती काळ लागतो! त्याचा ईएमआय पाच तारखेला होता.

खांडवातून वाचले मोजकेच. मयासुर, तक्षकाचा मुलगा अश्वसेन आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं. आई जरिता म्हणते, उंदराच्या बिळात लपा. पिल्लं म्हणतात, उंदराच्या तोंडी जाण्यापेक्षा आग बरी, तू उडून जा. मग ती अग्नीचीच स्तुती करतात आणि अग्नी त्यांना सोडतो. बाप मंदपालाने आधीच अग्नीकडून शब्द घेतलेला. पूर्वी मला हे 'रेफरन्स'वर सुटल्यासारखं वाटायचं, हसू नका. आज दिसलं ते वेगळं. भुकेलेला अग्नीसुद्धा त्या चौघांचं ऐकायला थांबला. आणि एवढ्या वणव्यात व्यास पंख न फुटलेल्या पिल्लांची नावं सांगतात: जरितारि, सारिसृक्व, स्तंबमित्र, द्रोण. माझ्या यादीत नावांचा रकानाच नव्हता, एम्प्लॉयी आयडी होते.

नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीच्या रांगेत त्या सहांपैकी एक दिसला. (आनंद दिघेंनी १९७८ साली सुरू केलेला उत्सव, गर्दी तुम्हाला माहितीये.) मुलगी खांद्यावर होती. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. रांग बराच वेळ हललीच नाही. देवीसमोर पोचलो तेव्हा काही मागायला तोंडच उघडेना.

आज वाचन संपल्यावर त्याला फोन लावला. काय बोललो ते आमच्यातच राहू दे. उरलेल्या पाचांचे नंबर शोधतोय, दोन बदललेत.

उद्या सभापर्व, मयासुरापासून.