गुन्हेगार कोण?

आमच्या लॅपटॉपच्या टचपॅडने परवा अचानक मौन धरलं. लॅपटॉप डॉकला जोडला की बोट कितीही घासा, बाण हलायचा नाही. डॉकवरून काढला की पठ्ठ्या पुन्हा ताजातवाना! मी तडक निकाल दिला : चिरंजीवांनी गेम खेळून बिघडवला. तो 'नाही' म्हणाला, तर आजीसमोरच मी आवाज चढवला. बापाला पुरावा कशाला लागतो?

मग ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला, मशीन तीनदा बंद-चालू केलं. शेवटी सेटिंगमध्ये एक चौकोन सापडला : माऊस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवायचा का? चौकोन रिकामा! माऊसची बॅटरी तर संपली होती. पण त्याचा इवलासा रिसीव्हर डॉकच्या पाठीत खोचलेलाच. साहेब रजेवर, पण कोट खुर्चीवर. तेवढ्यानेच टचपॅड बिचारा अदबीने गप्प!

आणि त्या चौकोनातली खूण काढली कोणी? टाइप करताना तळहात लागून बाण उड्या मारतो म्हणून, गेल्याच महिन्यात, खुद्द अस्मादिकांनी.

आता तुम्हीच सांगा, कॅशमध्ये दहा रुपये कमी पडले तर आम्ही शोधत रात्र करतो. पोरावर घेतलेला खोटा आळ कुठल्या खात्यात दुरुस्त करायचा? ओरडलो आजीसमोर, मग माफी एकांतात पुटपुटून भागेल?

रात्री जेवताना, आजीसमोरच, म्हटलं, "चूक माझी होती रे."

"माहीत होतं बाबा. आमटी वाढू?"

आमटी तिखट होती म्हणून डोळ्यांत पाणी आलं, अशी नोंद घ्यावी.