तारखेची पावती

२०१३ च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातल्या वाळलेल्या मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाड चालत होती. टँकरचं पाणी माणसांनाच पुरत नव्हतं, तिथं झाडांना कोण विचारतो! बागांमध्ये खुरपायला, तोडणीला जाणारी माणसं घरी बसली आणि ऊसतोडीहून परतलेल्यांची त्यात भर पडली. अशाच एका गावात रोज सकाळी ग्रामपंचायतीपुढं घोळका जमायचा. "काम कव्हा निघनार?" असं रोजगार हमीच्या कामांची नोंद ठेवणाऱ्या रोजगार सेवकाला विचारायचा. "वरून आलं की सांगतो," तो म्हणायचा. माणूस तसा वाईट नव्हता. कधी कधी चहाही पाजायचा.

दोन महिने असेच गेले. शेवटी चार जण तहसीलला गेले. तिथल्या कारकुनानं संगणकात पाहिलं आणि सांगितलं, "तुमच्या गावातून कामाची मागणीच नाही."

रोज तोंडानं मागितलेलं काम सरकारदरबारी कुणी मागितलेलंच नव्हतं!

गावात एक म्हातारी होती. सगळे तिला आक्का म्हणत. बहात्तरच्या दुष्काळात तिनं खडी फोडली होती, सुकडीवर दिवस काढले होते. त्या दुष्काळात राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसं सरकारी कामांवर होती आणि ती कामं काही आपोआप निघाली नव्हती. मोर्चे निघाले, घेराव झाले, तेव्हा कुठं कुदळी हातात आल्या. पुढं वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला. या हमीच्या खर्चासाठी १९७५ पासूनच शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला होता. (तो आजही कापला जातो. कशासाठी सुरू झाला, हे किती पगारदारांना ठाऊक असेल?) आक्काला अक्षरओळख नव्हती. काम मागितलं की द्यावंच लागतं, एवढं मात्र तिच्या डोक्यात पक्कं होतं.

तिनं शेजारच्या डी.एड. झालेल्या पोराला बोलावलं. शिक्षक भरती थंडावलेली, त्यामुळं त्यालाही वेळच वेळ होता. त्यानं केंद्राच्या रोजगार हमी कायद्यातला तेव्हाचा नियम वाचून दाखवला: लेखी अर्ज द्यायचा, तारखेची पावती घ्यायची. पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता. पहिले तीस दिवस मजुरीचा चौथा हिस्सा, पुढं निम्मा. तेव्हाची मजुरी १६२ रुपये, म्हणजे भत्ता झाला साडेचाळीस.

"एवढ्याशा पैशानं काय व्हनार?" कुणीतरी म्हणालं.

"आपलं न्हाई व्हनार. त्यांचं व्हईल," आक्का म्हणाली.

म्हातारीनं नेमकं ओळखलं होतं. तेव्हा मजुरीचा पैसा केंद्राकडून यायचा. भत्ता मात्र राज्याला आपल्या खिशातून द्यावा लागायचा, आणि मग काम का दिलं नाही याचा जाबही द्यावा लागायचा. पावतीवर तारीख पडली की दिवस मोजले जाऊ लागायचे. म्हणून पावती द्यायची वेळ आली की हात आखडायचा.

पोरानं दोन दिवस बसून छत्तीस अर्ज लिहिले. कुणी सही केली, कुणी अंगठा दिला. रोजगार सेवकानं गठ्ठा पाहिला. "ठेवा इथं. पावतीचं नंतर बघू."

"मग अर्ज बी नंतरच बघा," असं म्हणत आक्कानं गठ्ठा उचलला.

तो तालुक्याला कार्यक्रम अधिकाऱ्याकडं रजिस्टर पोस्टानं गेला. पोस्टाच्या पावतीवर तारखेचा शिक्का बसतोच. शिक्का मारणाऱ्याला रोजगार हमीशी काही देणंघेणं नसतं.

बाराव्या दिवशी पाझर तलावातला गाळ काढायचं काम निघालं. हजेरीपटावर छत्तीस नावं होती.

आठवडाभरानं तो पोरगा तलावावर आला. आधी त्याला लाज वाटली होती. डी.एड. करून पाट्या टाकायच्या, आणि त्याही ज्यांचे अर्ज आपण लिहिले त्यांच्या रांगेत! घरातलं पीठ संपलं तशी लाजही संपली. सेवकानं हजेरीपट चाळला. "तुझी मागणी नाही."

"अहो, सगळे अर्ज मीच लिहिलेत की!"

"लिहिलेस ना. तुझ्या सहीचा कुठला?"

आक्का डोक्यावरची पाटी सावरत थांबली. "कामून रं? तू मनातल्या मनात मागितलं व्हतं व्हय?"

बायका हसल्या. पोरगा लालबुंद झाला. मग बांधावर बसून त्यानं अर्ज लिहिला, सही केली आणि सेवकाच्या हातात दिला. सेवकानं तो घडी घालून खिशात टाकला, पण पोरगा काही जागचा हलला नाही.

"आता काय?"

"पावती. तारीख आजचीच टाका."